पूल तुटण्याआधी बोलतो

१५ डिसेंबर १९६७. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत गाड्यांसकट कोसळला. ४६ माणसं गेली. कारण काय, तर पूल तोलणाऱ्या एका पोलादी पट्टीच्या भोकाशी पडलेली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. सांधा खोलल्याशिवाय ती दिसलीच नसती.

पण चीर दिसली नाही तरी वाढताना आवाज करते. १९५० मध्ये म्युनिकच्या योझेफ कायझरने आपल्या प्रबंधासाठी धातूंवर ताण देऊन तो आवाज ऐकला. त्याला आढळलं, की एकदा सोसलेल्या ताणापर्यंत धातू पुन्हा गप्प राहतो; ताण त्यापुढे गेला की बोलतो. म्हणजे आवाज नव्या इजेचा! आपल्या कानांना तो बहुधा ऐकू येत नाही, म्हणून आता पुलांना सेन्सर चिकटवतात. कुठल्या सेन्सरला आवाज आधी पोचला, यावरून चीर कुठे आहे तेही कळतं.

मात्र न वाढणारी चीर गप्प असते. त्यामुळे वाहतूक चालू असताना, दिवसेंदिवस कान लावून बसावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी पाहणी होते, अहवाल फायलीत जातो. उरलेले दिवस पुलाचं कोण ऐकतं? आपापल्या गावच्या पुलाबद्दल हे एकदा विचाराच.