रहिवास, गैरहजेरी आणि नागरिकत्व : हिंगोली परिसराच्या अनुषंगाने

१

पैनगंगेच्या उत्तर तीरावर वऱ्हाड व दक्षिण तीरावर मराठवाडा, हा भूगोल हिंगोली परिसरातील मनुष्यास लहानपणापासून ठाऊक असतो. परंतु हीच नदी जवळजवळ शंभर वर्षे दोन राज्यव्यवस्थांमधील सीमा होती, याची जाणीव आता पुसट होत चालली आहे. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. हिंगोली, कळमनुरी, वसमत हा टापू मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात राहिला. कापसाच्या गाड्या, सोयरीक व यात्रा यांची ये-जा नदीच्या दोन्ही काठांवर पूर्वीप्रमाणेच चालू होती. तथापि नदी ओलांडून वाशीम किंवा पुसदकडे राहावयास गेलेला मनुष्य एका राज्याच्या कारभारातून दुसऱ्याच्या कारभारात जात असे. अशा प्रदेशात 'येथला कोण?' हा प्रश्न केवळ भावनेचा राहत नाही. तो कायद्याचा होतो.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. येथला म्हणून गणला गेलेला, अथवा गणला जाऊ इच्छिणारा मनुष्य दीर्घकाळ बाहेर राहिला तर त्याच्या हक्काचे काय होते? प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास, त्यासाठी वापरल्या गेलेल्या शब्दांच्या आधारे, तपासावयाचा आहे. या इतिहासात दोन मापे आलटून पालटून वापरलेली दिसतात : एक मनुष्याच्या इराद्याचे व दुसरे दिवसांच्या मोजणीचे. कोणत्या काळी कोणते माप वापरले गेले, यावर अनेकांचे भवितव्य अवलंबून राहिले आहे.

२

मराठी मुलखातील जुन्या ग्रामव्यवस्थेने कुळांचे दोन वर्ग मानले होते : मिरासदार व उपरी. 'मिरास' हा अरबी शब्द वारसा या अर्थाचा. 'उपरी' हा संस्कृतोद्भव. वरून, बाहेरून आलेला. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा असे. उपऱ्याचा कराराच्या मुदतीपुरता. दुष्काळ, लढाई किंवा साऱ्याचा बोजा यांमुळे मिरासदार गाव सोडून गेला म्हणजे तो 'परागंदा' झाला असे कागदोपत्री म्हणत. मूळ फारशी शब्दाचा अर्थ 'विखुरलेला' एवढाच आहे. त्यात गुन्ह्याचा किंवा त्यागाचा भाव नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

परागंदा झालेल्याची जमीन दरम्यान दुसऱ्यास कसावयास देत. परंतु मूळ धनी किंवा त्याचा वारस परत आला, त्याने हक्क सिद्ध केला व राहिलेल्या देण्याचा निकाल लावला, तर दीर्घकाळानंतरही मिरास त्याच्याकडे परत जाऊ शके. ओसाड गावे पुन्हा वसविण्यासाठी सरकार कौल देई, त्यामागे हीच समजूत होती. तात्पर्य, गैरहजेरी कितीही लांबली तरी ती आपोआप हक्क बुडवीत नसे. उलटपक्षी, उपरी गावात अनेक वर्षे राहिला तरी केवळ राहण्यामुळे तो मिरासदार होत नसे. येथे दिवसांची मोजणी जवळजवळ निरर्थक होती.

या संदर्भात 'वतन' या शब्दाची वाटचाल उद्बोधक आहे. अरबीत त्याचा अर्थ राहण्याचे ठिकाण, मायभूमी असा आहे. उर्दूने तोच अर्थ उचलला. मराठीत मात्र पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांसारख्या वंशपरंपरागत हक्कास वतन म्हणू लागले. हैदराबाद संस्थानात हे दोन्ही अर्थ एकाच दप्तरात शेजारी शेजारी नांदत होते. उर्दू जाणणाऱ्या कारकुनास वतन म्हणजे जेथून मनुष्य आला ती भूमी. हिंगोलीच्या देशमुखास वतन म्हणजे जे कोठेही गेले तरी आपले राहते ते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगाच्या सुधारणांबरोबर उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी हैदराबादेत आले. १८८४ च्या सुमारास फारशीच्या जागी उर्दू दरबारी भाषा झाल्यावर त्यांचे महत्त्व अधिकच वाढले. येथील लोकांच्या नोकऱ्या बाहेरचे घेतात ही तक्रार त्यातून उद्भवली व 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' ही जोडी रूढ झाली. हिंगोलीस तर बाहेरून आलेल्यांचे दृश्य नवे नव्हते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी तेथे १९०३ पर्यंत होती.

१९१९ साली निजामाच्या फर्मानाने मुल्की नियम निश्चित झाले. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला तो मुल्की, हे उघडच होते. परंतु बाहेरून आलेल्याने मुल्की होण्यासाठी जी अट घातली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याने किमान १५ वर्षे संस्थानात कायमचा रहिवास केलेला असावा. पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार त्याने सोडून दिलेला असावा. आणि तसे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात, मॅजिस्ट्रेटच्या साक्षीने केलेले असावे.

येथे दोन्ही मापे प्रथमच एकत्र आलेली दिसतात. १५ वर्षे ही मोजणी होय; परतण्याचा विचार सोडणे हा इरादा होय. मिरासदाराच्या बाबतीत परतण्याची इच्छा हक्काचा आधार होती. मुल्की नियमांत तीच इच्छा हक्काच्या आड येणारी ठरली. मात्र किती महिने बाहेर राहिल्यास १५ वर्षांची साखळी तुटते, हे त्या व्याख्येच्या शब्दांत नाही. लखनौस किंवा दिल्लीस बहिणीच्या लग्नासाठी गेलेला अधिकारी व तेथे घर बांधून ठेवणारा अधिकारी यांतील भेद दिवसांनी नव्हे, तर शपथेच्या खरेपणाने ठरावयाचा होता. शपथ तपासणे दिवस मोजण्यापेक्षा कठीण असते.

हे नियम केवळ संस्थानी काळाची आठवण होऊन राहिले नाहीत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. तेलंगणात हे नियम अद्याप कायदा म्हणून जिवंत आहेत, असा निर्णय १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यावरून मोठा प्रक्षोभ झाला आणि १९७३ साली संसदेला ते रद्द करावे लागले. रहिवासाच्या वर्षांचा प्रश्न किती ज्वालाग्राही असतो, याचे हे उदाहरण होय.

४

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. तत्पूर्वीच्या महिन्यांत रझाकारांच्या भयाने संस्थानच्या सरहद्दीवरील कितीतरी कुटुंबे वऱ्हाडात गेली होती. ती परत आली. त्यांचे जाणे म्हणजे गाव सोडणे होय, असे कोणी म्हटले नाही. परंतु त्याच काळात कराचीच्या वाटेने गेलेल्यांची गोष्ट निराळी झाली. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदानुसार १ मार्च १९४७ नंतर भारतातून पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर केलेला मनुष्य भारताचा नागरिक गणला जात नाही. पुन्हा स्थायिक होण्याच्या परवान्यावर परतलेला तेवढा त्याला अपवाद.

सारा वाद 'स्थलांतर' या एका शब्दावर येऊन ठेपला. कायम राहण्याच्या इराद्याने जाणे म्हणजेच स्थलांतर, की नुसते जाणेही पुरेसे? भारतात आलेल्यांसंबंधीच्या सहाव्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने प्रथम इराद्यावर भर दिला होता. १९६६ साली केरळातील कुलाथिल मम्मू याच्या प्रकरणात ते मत बदलण्यात आले. स्वेच्छेने जाणे पुरेसे आहे, कायम राहण्याचा इरादा आवश्यक नाही. मात्र व्यापारासाठी वा अन्य कारणासाठी दिलेली अल्पकालीन भेट त्यात मोडत नाही, असे न्यायालयाने ठरविले. एका शब्दाच्या अर्थाची व्याप्ती वाढली आणि 'मी परत येणारच होतो' हे म्हणणे पुष्कळांच्या बाबतीत निष्फळ झाले. शब्दार्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा निर्णय अवश्य अभ्यासावा.

५

यापुढचा इतिहास मोजणीच्या विजयाचा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परकीयास देशीयकरणासाठी दुहेरी अट घातली : अर्जापूर्वीचे सलग १२ महिने भारतात वास्तव्य, आणि त्याआधीच्या ७ वर्षांत मिळून किमान ४ वर्षे. १९८६ च्या दुरुस्तीने हे प्रमाण १२ पैकी ९ वर्षे व २००३ च्या दुरुस्तीने १४ पैकी ११ वर्षे झाले. २०१९ साली तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा विवक्षित धर्मसमूहांसाठी ११ ऐवजी ५ वर्षांची तरतूद झाली. दीर्घ मुदतीतील गैरहजेरीस या रचनेत जागा आहे. शेवटच्या १२ महिन्यांत मात्र ती नव्हती. २०१५ साली या कठोरतेस थोडी फट ठेवण्यात आली. विशेष परिस्थिती असल्यास, ती लेखी नमूद करून, केंद्र सरकार कमाल ३० दिवसांची सूट देऊ शकते आणि हे दिवस तुटक असले तरी चालतात.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांस याचेच दुसरे रूप भेटते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात स्थायी रहिवाशास सामान्यतः ५ वर्षांचा अखंड रहिवास दाखवावा लागतो; शिवाय त्यांपैकी ३० महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर काढलेले असावे लागतात. एका खेपेस सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास अखंडता तुटली असे गृहीत धरतात; नोकरी, घर, कुटुंब तेथेच असल्याचा पुरावा देऊन हे गृहीत खोडता येते. सलग एक वर्ष बाहेर राहिल्यास मात्र, काही ठरावीक अपवाद वगळता, साखळी तुटतेच. परत प्रवेशाचा परवाना जवळ असला तर स्थायी रहिवासाचा दर्जा राखता येतो, पण नागरिकत्वाची वर्षे त्याने राखली जात नाहीत. ब्रिटनमध्ये ५ वर्षांत ४५० व शेवटच्या वर्षात ९० दिवस ही गैरहजेरीची साधारण मर्यादा होय.

वसमतला आजारी पडलेल्या वृद्ध आईजवळ आठ महिने राहणारा मुलगा या हिशेबात आपला इरादा सिद्ध करण्यास बांधला जातो. तेच राहणे तेरा महिन्यांचे झाले तर बहुधा इरादा विचारलाच जात नाही. आणि त्याने तेथील नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून पाच वर्षे नोंदलेल्यास भारताचे नागरिकत्व पुन्हा हवे असेल, तर अर्जापूर्वीचे १२ महिने त्यालाही येथेच मोजून द्यावे लागतात.

६

मोजणीचे माप निर्दय आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. इराद्याचे माप अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविले जाते, हे मुल्कीच्या शपथेवरून दिसते. दिवस मात्र श्रीमंताचे व गरिबाचे सारखेच मोजले जातात. परंतु केवळ मोजणीने ज्याचे जाणेच पोटासाठी आहे त्याचे नुकसान होते. म्हणून १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील विसावे कलम विशेष मोलाचे वाटते. केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने मनुष्य तेथला सामान्य रहिवासी ठरत नाही. तसेच तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने त्याचा रहिवास संपत नाही. पहिल्या वाक्याने मिरासदारीचा निरोप घेतला आहे. दुसऱ्याने परागंदा झालेल्याचा हक्क राखला आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दर हंगामास बाहेर पडणारी कुटुंबे आहेत. मतदारयादीतील त्यांचे नाव त्या दुसऱ्या वाक्यावर उभे आहे; यादी तपासणारा ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरास कुलूप असते, एवढेच.

बोलीभाषेने हा भेद केव्हाच ओळखला आहे. आपल्याकडे अनोळखी मनुष्यास दोन प्रश्न निरनिराळे विचारतात : 'गाव कोणते?' आणि 'राहता कोठे?'. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षांनी बदलत नाही. दुसऱ्याचे प्रत्येक हंगामात बदलू शकते. नामदेवांचा जन्म नरसीचा असे परंपरा मानते, आणि त्यांचा दीर्घकाळ पंजाबात, घुमान येथे गेला असेही ती सांगते. तरी दोन्ही गावांनी त्यांना आपले म्हटले. कायद्यास असे दुहेरी उत्तर देता येत नाही, त्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते. ती ओढताना दोन्ही प्रश्न विचारले गेले होते की एकच, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.