सा, प आणि नंदू भेंडे

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला रॉकमधलं काय कळतं? खरं सांगायचं तर फार उशिरा कळलं. १९८०च्या सुमारास जिंतूरकडचा एक विद्यार्थी गिटार घेऊन वर्गात आला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा गोंगाट आपला नव्हे, बाबा." त्यानं गिटार परत कधी आणली नाही. आज त्याच वाक्याची उलटतपासणी करायचीय.

कॉर्ड म्हणजे काय? पेटी डोळ्यांसमोर आणा. सा, ग, प एकदम दाबा, ही मेजर कॉर्ड. ग कोमल केला की मायनर. झालं. पण फरक पुढे आहे. आपल्याकडे षड्ज हलत नाही. तंबोरा तो धरून बसतो आणि गाणारा वर फिरतो. रॉकमध्ये पायाखालची जमीनच सरकते. कृष्णवर्णी अमेरिकनांच्या ब्लूजमधून आलेला बारा बारचा साचा घ्या: चार बार सा वरच्या कॉर्डचे, दोन म चे, दोन पुन्हा सा चे, मग प चा एक, म चा एक, आणि शेवटी दोन सा चे. चक बेरीची कितीतरी गाणी याच वाटेनं चालतात.

आता गंमत बघा. गिटारला वीज मिळाली, आवाज मुद्दाम फाडायला लागले, तेव्हा मधला ग राहिला की सगळं गढूळ व्हायचं. म्हणून वाजवणाऱ्यांनी ग काढूनच टाकला. उरले सा आणि प. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. अहो, आपला तंबोरा तरी दुसऱ्या कशात लावतात? (मालकंसात पंचम नसतो, तिथं म लावतात, ठाऊक आहे मला. मागचे हात खाली घ्या.)

आणि माणूस हवा असेल तर नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, म्हणजे घर मराठी रंगभूमीचं. गळा मात्र मुंबईतल्या सॅव्हेज एन्काउंटर, वेल्वेट फॉग अशा रॉक बँडमध्ये तापलेला. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' १९७० साली आधी दोन तबकड्यांचा अल्बम म्हणून निघालं, रंगमंचावर नंतर आलं. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी ते मुंबईत केलं तेव्हा नंदू ज्यूडास होते. आणि चारच वर्षांनी, १९७८ला, पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश! लेखन पु. लं.चं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. लावणीच्या शेजारी रॉकचा गळा, एकाच नाटकात.

हे कलम उपरं वाटत असेल तर मूळ बघा. जॉन गेनं १७२८ साली लंडनमध्ये लोकांच्या ओठांवरच्या चाली घेऊन 'बेगर्स ऑपेरा' रचला. १९२८ला बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्याचं 'थ्रीपेनी ऑपेरा' केलं, त्यावरून पु. लं.नी तमाशा. आणि याच ब्रेख्त-वाइल जोडीचं दुसरं एक गाणं 'द डोअर्स'नं १९६७च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं. म्हणजे लॉस एंजेलिसचा रॉक आणि पुण्याचा तमाशा, दोघांनी एकाच घरून उसनवारी केलेली. यात आपलं कुठलं आणि परकं कुठलं, मला तरी आता रेघ मारता येत नाही.

नंदू भेंडे २०१४ साली गेले. तो जिंतूरकडचा मुलगा आता साठीचा असेल. आज सभागृहात असलाच, तर प्रश्नोत्तरांचा पहिला माईक त्याला द्या.