किनाऱ्यावरचा फलक आणि त्यामागचा पैसा

समुद्राच्या पाण्यातील जीवाणूंचे प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेले, की अमेरिकेतील सार्वजनिक किनाऱ्यांवर एक फलक उभा राहतो : पाण्याचा संपर्क टाळावा. फलक रंगवायला आणि रोवायला फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो फलक केव्हा लावायचा हे ठरवण्यासाठी. आठवड्यातून एक-दोनदा नमुने गोळा करणारी माणसे, बर्फाच्या पेट्या, प्रयोगशाळा आणि निष्कर्ष जाहीर करणारी यंत्रणा पोसण्यासाठी तेथील केंद्र सरकार २००१ पासून राज्यांना अनुदान देत आले आहे. या अनुदानामागे जो कायदा आहे, तो ‘बीच अॅक्ट’ या नावाने ओळखला जातो. दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या खर्चाचा इतिहास मात्र बोधक आहे.

या साऱ्याचा पाया १९७० च्या दशकात घातला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी, म्हणजे ‘ईपीए’साठी, व्हिक्टर कॅबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, बोस्टन आणि लुइझियानातील पाँचरट्रेन सरोवर येथे पोहणाऱ्या आणि न पोहणाऱ्या लोकांची प्रकृती तपासून पाहिली. मैलापाण्याच्या संसर्गाचा निर्देशक म्हणून तोवर कॉलिफॉर्म जीवाणू मोजण्याची पद्धत होती. खाऱ्या पाण्यात एन्टरोकोकाय या जीवाणूंची संख्या पोटाच्या विकारांशी अधिक जुळते, असे या अभ्यासातून दिसले. हे जीवाणू स्वतः बहुधा कोणाला आजारी पाडत नाहीत. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यांत ते असतात, त्यामुळे पाण्यात ते सापडले तर सोबत विष्ठेतील विषाणू आणि अन्य रोगकारक जंतूही असण्याची शक्यता असते. १९८६ मध्ये ईपीएने या आधारे निकष जाहीर केले : समुद्राच्या १०० मिलिलिटर पाण्यात एन्टरोकोकायची भूमितीय सरासरी ३५ पेक्षा अधिक नसावी, गोड्या पाण्यात ई. कोलायची १२६ पेक्षा अधिक नसावी. ३५ या आकड्याचा अर्थ पाणी निर्धोक असा नव्हे. या प्रमाणात दर हजार पोहणाऱ्यांमागे सुमारे १९ जणांना पोटाचा त्रास होईल, असा तो हिशेब होता आणि तेवढा धोका स्वीकारार्ह मानण्यात आला होता.

भारतातही स्नानयोग्य सागरी पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. ‘एसडब्ल्यू-२’ या वर्गातील पाण्यात विष्ठाजन्य कॉलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० अशी धरली जाते, आणि जुहू, वर्सोवा, गिरगाव चौपाटी, माहीम येथील पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासत आले आहे. ही नोंद पाण्याचा दीर्घकालीन कल समजण्यासाठी उपयोगी आहे. आज सकाळी पाण्यात उतरावे की नाही, हे सांगण्यासाठी ती केली जात नाही. अमेरिकेतील अनुदानाचा सारा भर नेमका या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

निकष जाहीर झाले तरी ते पाळण्याची सक्ती कोणावर नव्हती. न्यू जर्सीसारखी राज्ये १९७० च्या दशकापासून नियमित तपासणी करत. काही राज्यांत ती नावालाही नव्हती. १९८७ आणि १९८८ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर वापरलेल्या सुया आणि दवाखान्यांतील कचरा वाहून आला, पर्यटन कोसळले आणि किनाऱ्याच्या स्वच्छतेला राजकीय वजन आले. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी त्यानंतर देशव्यापी तपासणीचे विधेयक पुनःपुन्हा मांडले. प्रतिनिधिगृहात ते नेले कॅलिफोर्नियाच्या ब्रायन बिल्ब्रे यांनी. मेक्सिकोच्या सीमेलगत असलेल्या इम्पिरियल बीच या लहान शहराचे ते पूर्वी महापौर होते आणि स्वतः लाटांवर स्वार होण्याचा छंद असलेले होते. सीमेपलीकडच्या तिहुआना शहरातील मैलापाणी नदीवाटे आपल्या किनाऱ्यावर येते म्हणून १९८० मध्ये त्यांनी स्वतः माती उपसण्याच्या यंत्रावर बसून नदीचे पात्र अडवण्याचा प्रयत्न केला होता. १० ऑक्टोबर २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांची स्वाक्षरी होऊन हे विधेयक कायद्यात रूपांतरित झाले आणि १९७२ च्या ‘क्लीन वॉटर अॅक्ट’ला जोडले गेले.

कायद्याची रचना समजण्यास सोपी आहे. समुद्रकिनारा किंवा पंचमहासरोवरांचा काठ लाभलेली राज्ये आणि प्रदेश, एकूण ३५, अनुदानास पात्र ठरतात. किनाऱ्यांची यादी करणे, धोका आणि गर्दी पाहून त्यांची प्रतवारी लावणे, नियमित नमुने तपासणे आणि मर्यादा ओलांडली गेल्यास जनतेला त्वरित कळवणे या अटी पाळणाऱ्या राज्याला पैसे मिळतात. जीवाणूंचे निकष आपल्या नियमांत आणण्यासाठी राज्यांना एप्रिल २००४ पर्यंत मुदत होती. ज्यांनी ते केले नाही, अशा २१ राज्यांसाठी आणि प्रदेशांसाठी ईपीएने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राचे निकष थेट लागू केले.

पैशाच्या बाबतीत मात्र कायदा आणि व्यवहार यांत पहिल्यापासून अंतर पडले. कायद्याने २००१ ते २००५ या काळात वर्षाला ३ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिली होती. प्रत्यक्षात दरवर्षी सुमारे १ कोटी डॉलरच मंजूर होत राहिले. अमेरिकी काँग्रेसच्या लेखातपासणी कार्यालयाने २००७ मध्ये या योजनेचा आढावा घेतला, तेव्हा २००१ ते २००६ या सहा वर्षांत वाटलेली रक्कम ५ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास होती. मुभेची मुदत २००५ मध्ये संपली. २००८ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती वाढवून वर्षाला ४ कोटींची तरतूद करणारे विधेयक मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडले. तरीही वार्षिक अर्थसंकल्पात या अनुदानाची ओळ टिकून राहिली आणि पहिल्या दोन दशकांत एकूण वाटप २० कोटी डॉलरच्या जवळपास पोहोचले.

तिप्पट पैसा गृहीत धरून बांधलेल्या योजनेत एक तृतीयांश पैसा आला, तर वाटपाचे सूत्र कसे बिघडते, याचे हे अनुदान चांगले उदाहरण ठरावे. ईपीएने तीन घटक धरले होते : पोहण्याचा हंगाम किती महिन्यांचा, किनारा किती लांब आणि किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांत लोकसंख्या किती. हंगामावरून प्रत्येक राज्याला आधी एक ठोक रक्कम मिळते. तीन महिन्यांपेक्षा लहान हंगामाला दीड लाख डॉलर, तीन ते चार महिन्यांना दोन लाख, पाच ते सहा महिन्यांना अडीच लाख आणि त्याहून मोठ्या हंगामाला तीन लाख. उरलेली रक्कम किनाऱ्याची लांबी आणि लोकसंख्या यांवर निम्मी निम्मी वाटायची. पैसा ३ कोटी असता तर ‘उरलेली रक्कम’ मोठी झाली असती. १ कोटीतून ३५ ठोक रकमा बाजूला काढल्यावर हाती फारसे काही उरतच नाही. परिणामी सुमारे १३५० किलोमीटरचा किनारा आणि कोट्यवधी पर्यटक असलेल्या कॅलिफोर्नियाला साधारण ५ लाख डॉलर मिळतात, तर जेमतेम ३० किलोमीटर किनारा असलेल्या न्यू हॅम्पशायरला २ लाखांच्या आसपास. लांबी पाहिली तर अंतर ४५ पटींचे. पैशात मात्र अडीच पटींचे. कॅलिफोर्नियाच्या एखाद्या जिल्ह्याने वर्षभर नमुने तपासायचे ठरवले, तर बहुतेक भार त्याला स्वतःच उचलावा लागतो. लेखातपासणी कार्यालयानेही हे सूत्र राज्यांची खरी गरज दाखवत नाही, असाच निष्कर्ष काढला.

त्याच अहवालात आणखी एक त्रुटी नोंदवली गेली आणि ती अधिक मूलभूत होती. हे अनुदान तपासणीवर आणि सूचनेवर खर्च करता येते. घाण कोठून येते याचा शोध घेण्यावर नाही. एखाद्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात फलक लागत असेल, तर फुटलेली मैलावाहिनी, पावसाळी गटारात सोडलेली चोरटी जोडणी किंवा पक्ष्यांचे थवे यांपैकी दोष कोणाचा, हे शोधायला वेगळा पैसा उभा करावा लागे. काँग्रेसने या निर्बंधाचा फेरविचार करावा, असे कार्यालयाने सुचवले होते. शोध किती महाग पडू शकतो, हे कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीचने आधीच अनुभवले होते. १९९९ च्या उन्हाळ्यात तेथील किनाऱ्याचा मोठा भाग अनेक आठवडे बंद राहिला आणि कारणांचा तपास पुढे कित्येक वर्षे चालला.

त्या किनाऱ्यावरील संशोधनाने तपासणीच्या पद्धतीवरही प्रश्नचिन्ह लावले. नमुना घेण्याची रीत अशी : कर्मचारी गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात उतरतो, निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली धरून भरतो, बर्फात ठेवतो आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवतो. तेथे पाणी पटलातून गाळून पोषक माध्यमावर जीवाणू वाढवले जातात आणि सुमारे २४ तासांनी त्यांच्या वसाहती मोजल्या जातात. म्हणजे सोमवारच्या पाण्याचा निकाल मंगळवारी हाती येतो. हंटिंग्टन बीचवर दर दहा मिनिटांनी नमुने घेऊन पाहिले, तेव्हा एकाच ठिकाणचे आकडे काही मिनिटांत मर्यादेच्या वर-खाली होताना आढळले. सूर्यप्रकाशाने जीवाणू मरतात, त्यामुळे पहाटेचा आणि दुपारचा आकडाही सारखा नसतो. प्रमाण वाढण्याचे बहुतेक प्रसंग एका दिवसात ओसरतात. फलक लागतो तेव्हा पाणी पुष्कळदा पुन्हा स्वच्छ झालेले असते आणि ज्या दिवशी तो हवा होता, त्या दिवशी लोक पोहून घरी गेलेले असतात. तरीही तपासणीच नको, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. सांता मोनिकाच्या उपसागरात १९९५ मध्ये झालेल्या अभ्यासात पावसाळी गटारांच्या तोंडाशी पोहणाऱ्यांना ताप, कानाचे आणि श्वसनाचे विकार ४०० यार्ड दूर पोहणाऱ्यांपेक्षा अधिक झाल्याचे दिसले होते. गटाराच्या मुखापासून दूर राहावे आणि पावसानंतर पाण्यात उतरू नये, हे सल्ले अशाच नोंदींतून पक्के झाले.

या खर्चावर कात्री चालवण्याचे प्रयत्नही वारंवार झाले. कॅलिफोर्नियाने ‘बीच अॅक्ट’च्या आधीच, १९९७ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. वर्षाला ५० हजारांहून अधिक लोक येतात आणि जेथे गटार मिळते, अशा किनाऱ्यांची एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये दर आठवड्याला तपासणी व्हावी, असे तो सांगतो. पण जिल्ह्यांवरचे हे बंधन राज्याने पुरेसा निधी दिला तरच लागू होते, अशी तरतूदही त्यातच आहे. २००८ मध्ये तुटीच्या अर्थसंकल्पातून तत्कालीन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सुमारे १० लाख डॉलरची ही तरतूद वगळली. रक्कम राज्याच्या खर्चात समुद्रातल्या थेंबासारखी, पण ती जाताच तपासणीचे कायदेशीर बंधनही सैल झाले. अखेर राज्याच्या जल मंडळाने रोख्यांतून उभारलेल्या निधीतून वेळ निभावून नेली आणि २०११ मध्ये ही जबाबदारी त्या मंडळाकडेच सोपवण्यात आली. केंद्रातही हेच घडू पाहत होते. राज्यांकडे आता ही कामे चालवण्याची क्षमता आली आहे, या कारणावरून २०१२ मध्ये बराक ओबामांच्या प्रशासनाने पुढील वर्षीच्या अर्थसंकल्पात अनुदान बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने तोच प्रस्ताव पुन्हा ठेवला. दोन्ही वेळा काँग्रेसने तो मानला नाही. किनाऱ्याच्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधीला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, पर्यटनाचा हंगाम डोळ्यांआड करता येत नाही.

निकालातला एक दिवसाचा विलंब कमी करण्याचे काम न्यायालयामार्गे पुढे सरकले. कायद्याने ईपीएला २००५ पर्यंत नवे निकष तयार करण्यास सांगितले होते. ते न झाल्याने ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ या संस्थेने २००६ मध्ये दावा लावला आणि २००८ च्या तडजोडीनुसार २०१२ च्या अखेरीस नवे निकष आले. जीवाणूंचा डीएनए मोजून तीन-चार तासांत उत्तर देणाऱ्या ‘क्यूपीसीआर’ पद्धतीला त्यांत स्थान मिळाले. शिकागोने २०१७ पासून मिशिगन सरोवराच्या काठावरील आपल्या किनाऱ्यांवर ती वापरात आणली. ओहायोत आदल्या दिवसाचा पाऊस, वारा आणि लाटांची उंची यांवरून त्याच सकाळचा अंदाज वर्तवण्याचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते.

सॅन दिएगो जिल्ह्याने मे २०२२ मध्ये डीएनएवर आधारित नवी चाचणी सुरू केली. आता नमुना घेतला त्याच दिवशी इशारा देता येऊ लागला आणि चाचणी अधिक संवेदनशील असल्याने इशाऱ्यांचे दिवसही वाढले. त्या वर्षी जुलैत, ऐन सुटीच्या मोसमात, कोरोनाडोचा प्रसिद्ध किनाराही यात सापडला आणि स्थानिक शहरांकडून नाराजी उमटली. त्यानंतर जिल्ह्याने थेट बंदीऐवजी काही प्रसंगी निळ्या रंगाचा इशारा फलक लावण्याची पद्धत आणली; पाण्यात मैला असू शकतो, उतरायचे की नाही हे त्यानुसार लोकांनी ठरवायचे. बिल्ब्रे यांच्या इम्पिरियल बीचवर मात्र निळ्या फलकाची वेळ क्वचितच आली. तिहुआना नदीचे मैलापाणी थांबले नसल्याने तेथील दक्षिणेकडचा किनारा डिसेंबर २०२१ पासून सलग हजारहून अधिक दिवस बंद राहिला. त्या काळातही तेथील पाण्याचे नमुने घेतले जात होते.