बाटली फुटली की फवारा सुरू: जुने सोडा-ॲसिड अग्निशामक यंत्र कसे चालायचे आणि ते का गेले?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळे होती. त्यापैकी सात वाचली, दहा दगावली. दगावलेल्यांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्याने झाला, तर सात बाळे धुराने गुदमरली. एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलमध्ये झालेल्या शॉर्टसर्किटपासून आग सुरू झाली, असे चौकशीनंतर राज्य सरकारने सांगितले.

त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या भिंतींवर टांगलेल्या लाल सिलिंडरकडे अचानक सगळ्यांचे लक्ष गेले. ते भरलेले आहेत का, शेवटचे कधी तपासले, ते कोणाला वापरता येतात, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. या प्रश्नांना दीडशे वर्षांचा इतिहास आहे. हाताने उचलून नेता येईल असे अग्निशामक यंत्र बनवताना सुरुवातीच्या तंत्रज्ञांना ज्या अडचणी आल्या, त्यातल्या बऱ्याचशा आजही तशाच आहेत.

आधी काय होते?

बादली, वाळू, ओले पोते. आग विझवण्याची साधने शतकानुशतके एवढीच होती. बादलीची अडचण अशी की पाणी फेकायला आगीच्या अगदी जवळ जावे लागते आणि एकदा फेकले की संपले. पाणी लांबून, जोरात आणि नेमक्या जागी मारता आले पाहिजे. त्यासाठी दाब हवा.

हा दाब आणायचा कुठून, या एका प्रश्नाभोवती पुढची सगळी रचना फिरते. इंग्लंडमध्ये ॲम्ब्रोज गॉडफ्रे यांनी १७२३ मध्ये पिंपात विझवण्याचे द्रव भरले आणि त्यात बंदुकीच्या दारूची कुपी बसवली. स्फोट झाला की द्रव चहूकडे उडायचे. आग विझवायला दारूचा स्फोट ही कल्पना आज अजब वाटते, पण तर्क सरळ होता. पुढे १८१० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज मॅन्बी यांनी तांब्याच्या भांड्यात तीन गॅलन, म्हणजे साडेतेरा लिटरच्या आसपास पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण भरून वर हवा दाबून भरली. तोटी उघडली की हवा द्रावणाला बाहेर ढकलायची. आजचे दाबभरित यंत्र याच तत्त्वावर चालते. मात्र त्या काळच्या झडपा आणि सांधे महिनोनमहिने दाब धरून ठेवण्याइतके चांगले नव्हते.

मग दाब आधीपासून साठवायचाच कशाला? गरज पडेल तेव्हा तो यंत्राच्या आतच तयार झाला तर? रासायनिक अग्निशामक यंत्राचा जन्म या विचारातून झाला.

सोडा-ॲसिड यंत्राची रचना

फ्रान्समधील फ्रांस्वा कार्लिए यांनी १८६६ मध्ये खाण्याचा सोडा आणि टार्टारिक आम्ल वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत १८८१ मध्ये ॲल्मन ग्रेंजर यांच्या यंत्रात टार्टारिक आम्लाच्या जागी संहत सल्फ्युरिक आम्ल आले. पुढची सात-आठ दशके जगभर शाळा, गिरण्या, नाट्यगृहे आणि कचेऱ्यांमध्ये हेच यंत्र दिसत राहिले. आपल्याकडे शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या अनेकांच्या वहीत त्याची आकृती असेल.

बाहेरचे नळकांडे तांब्याचे किंवा पितळेचे, कारण द्रावणाने लोखंड गंजते. पुढे आतून शिशाचा मुलामा दिलेले पोलादी नळकांडेही आले. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यातल्या कारागिराला हे काम नवे वाटले नसते: पत्रा गोल वळवायचा, रिव्हेट मारायचे, सांध्याला डाक लावायचा. नेमका हा सांधाच पुढे या यंत्राचा सर्वात मोठा दोष ठरला.

नळकांड्यात साधारण ९ लिटर पाणी आणि त्यात विरघळवलेला सुमारे ६८० ग्रॅम खाण्याचा सोडा असे. वरच्या भागात जाळीच्या पिंजऱ्यात काचेची छोटी बाटली आणि तिच्यात जेमतेम १२० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल. यंत्र सुरू करण्याच्या दोन पद्धती होत्या. एका प्रकारात बाटलीच्या तोंडावर शिशाचे सैल झाकण असायचे. यंत्र उलटे केले की झाकण सरकून आम्ल द्रावणात पडायचे. दुसऱ्या प्रकारात वरच्या टोकाला दांडा असायचा, तो जमिनीवर किंवा भिंतीवर आपटला की आतली बाटली फुटायची.

आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू, पाणी आणि सोडियम सल्फेट तयार होते. एवढ्याशा आम्लापासून मोकळ्या हवेत सुमारे १०० लिटर जागा व्यापेल इतका वायू निघतो. पण भरलेल्या नळकांड्यात त्याला मिळणारी जागा फार तर लिटर-दोन लिटर. त्यामुळे काही सेकंदांत मोठा दाब तयार होतो आणि पाण्याची धार नऊ ते बारा मीटर लांब जाते. साधारण मिनिटभर ती चालते.

सोड्याचे प्रमाणही विचारपूर्वक ठरवलेले होते. सगळे आम्ल संपवायला जेवढा सोडा लागतो, त्याच्या जवळपास दुप्पट सोडा पाण्यात असे. नाहीतर उरलेले आम्ल धारेबरोबर बाहेर पडून माणसांवर आणि सामानावर उडाले असते.

आग वायूने विझायची की पाण्याने?

‘सोडा-ॲसिड यंत्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो आग विझवतो’ असे उत्तर परीक्षेत अनेकांनी लिहिले असेल. ते अर्धवट आहे. या यंत्रात वायूचे मुख्य काम पाण्याला ढकलण्याचे. पाण्यात विरघळलेला थोडा वायू आगीपर्यंत पोहोचतो, पण उघड्या जागेत तो लगेच विरून जातो. आग विझवते ते पाणी.

आणि पाणी हे काम उत्तम करते. ९ लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायची तर सुमारे २.३ कोटी ज्यूल उष्णता लागते, ती जळणाऱ्या वस्तूतून खेचली जाते. लाकूड, कागद, कापड यांच्या आगीत पृष्ठभाग थंड होणे महत्त्वाचे, कारण ज्वाळा गेल्या तरी आत निखारा धगधगत असतो. भंडारा-गोंदियात धानाच्या पुंजण्यांना आग लागल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वरची ज्वाळा विझली तरी आतले तणस पुन्हा पेट घेते, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. (पुंजण्यापुढे ९ लिटर पाणी काहीच नाही, तो भाग वेगळा.)

मात्र तेल किंवा पेट्रोल जळत असेल तर पाणी खाली बसते आणि जळते तेल वर तरंगत पसरते. विजेच्या आगीत तर हे यंत्र साध्या पाण्याहूनही धोक्याचे, कारण क्षार मिसळलेल्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहते.

यंत्रच फुटायचे

सोडा-ॲसिड यंत्र वर्षभर भिंतीवर बिनदाबाचे लटकत असे. ही त्याची मोठी सोय होती, कारण गळून जाईल असे काही आत नव्हतेच. पण याच सोयीत धोका दडला होता. नळकांडे दाब सहन करू शकते की नाही, याची परीक्षा थेट आग लागल्यावर आणि ते कोणाच्या तरी हातात असताना व्हायची.

सोड्याचे कण नळीत साचून तोंड बुजलेले असेल, तर तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाटच उरत नसे. बहुतेक जुन्या यंत्रांना जादा दाब सोडणारी झडप नव्हती. डाक दिलेला किंवा रिव्हेट मारलेला सांधा वर्षानुवर्षांच्या गंजाने कमकुवत झालेला असला की तो सुटायचा. बूड किंवा टोपण उडून वापरणाराच जखमी होण्याचे, प्रसंगी दगावण्याचे प्रकार घडले. शिवाय क्रिया एकदा सुरू झाली की थांबवता येत नसे. आग दोन फवाऱ्यांत विझली तरी यंत्र रिकामे होईपर्यंत धरून उभे राहायचे.

देखभालही किचकट होती. संहत सल्फ्युरिक आम्ल हवेतली आर्द्रता शोषते. सैल झाकणाच्या बाटलीत ते हळूहळू पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. म्हणून दरवर्षी यंत्र रिकामे करून, धुऊन, नव्याने भरावे लागे. हे काम कोणाचे, हे जिथे ठरलेले नसे तिथे ते होतही नसे.

अमेरिकेत उलटे करून चालणाऱ्या या यंत्रांचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. डाक किंवा रिव्हेटच्या सांध्यांची अशी यंत्रे १ जानेवारी १९८२ पर्यंत कामाच्या ठिकाणांवरून कायमची काढून टाकण्याचा नियम तिथे झाला. भारतातही पुढे दाबभरित आणि गॅस-काडतुसाच्या यंत्रांनी त्यांची जागा घेतली.

तेलासाठी फेस

तेलाच्या आगीवर उपाय शोधला तो तेलाच्याच गावाने. बाकू येथे शिक्षक असलेले रशियन अभियंता अलेक्झांडर लोरान यांनी १९०४ मध्ये रासायनिक फेसाचे पेटंट घेतले. यंत्राची रचना ओळखीची, दोन कप्प्यांची. फक्त आतल्या कप्प्यात सल्फ्युरिक आम्लाऐवजी तुरटीच्या नात्यातले ॲल्युमिनियम सल्फेट. बाहेरच्या सोड्याच्या द्रावणात फेस टिकवणारा पदार्थ मिसळलेला असे. सुरुवातीला त्यासाठी ज्येष्ठमधाचा अर्क वापरला जाई. रिठ्याच्या पाण्याला फेस येतो तो ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे, तशीच द्रव्ये त्यातही असतात.

इथे मात्र कार्बन डायऑक्साइडला दुहेरी काम मिळाले. तो दाब तर देतोच, शिवाय बुडबुड्यांत अडकून तेलावर तरंगणारी साय तयार करतो. त्या सायीखाली तेलाची वाफ आणि हवा यांची भेट होत नाही.

पितळी पिचकारीतले विष

या काळातले दिसायला सर्वात देखणे यंत्र म्हणजे पायरीन कंपनीची पितळी पिचकारी. १९१० च्या सुमारास बाजारात आलेल्या या यंत्रात कार्बन टेट्राक्लोराइड भरलेले असे. दांडा मागे-पुढे करायचा आणि धार मारायची. लिटरभर मावेल एवढे लहान असल्याने ते मोटारीतही बसे. या द्रवातून वीज वाहत नाही आणि त्याची जड वाफ आगीवर पसरते, म्हणून विजेच्या व पेट्रोलच्या आगीसाठी ते आदर्श मानले गेले.

पण कार्बन टेट्राक्लोराइड यकृत आणि मूत्रपिंडाला इजा करते. तापल्यावर त्यातून फॉस्जिन तयार होऊ शकतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला. बंद खोलीत आग विझवणारा माणूस आगीतून वाचून या वाफेने मरू शकत होता. पुढे ओझोन थराच्या नुकसानीचाही ठपका आला आणि माँट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून त्याचा असा वापर बंद झाला. जुन्या वाड्यात किंवा भंगारात अशी पितळी पिचकारी सापडली आणि ती हलवल्यावर आत द्रव वाजला, तर ती शोभेला ठेवण्यासारखी नाही.

विजेच्या आगीचे उत्तर

अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आगी विझवण्यासाठी, वीज वाहून न नेणारे आणि यंत्रसामग्री खराब न करणारे काहीतरी हवे होते. बेल टेलिफोन कंपनीच्या मागणीवरून वॉल्टर किडी कंपनीने १९२४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे हाताळण्याजोगे यंत्र दिले. पन्नास-साठ वर्षे नुसता ढकलण्याच्या कामी आलेला वायू आता स्वतः आग विझवू लागला. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रवरूपात असतो. काळ्या कर्ण्यातून बाहेर पडताना तो थंडगार ढग बनून आगीभोवतीची हवा बाजूला सारतो.

वॉर्मर, मॉनिटर आणि ऑक्सिजनची नळी असलेल्या खोलीत आज हेच किंवा ‘क्लीन एजंट’ प्रकारचे यंत्र योग्य मानले जाते. पावडरचे एबीसी यंत्र स्वस्त आणि सर्वत्र असते, पण त्याची बारीक पूड लहान बंद खोलीत श्वासाला त्रास देते. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रालाही मर्यादा आहे. बंद खोलीत तो जास्त मारला तर तिथल्या माणसालाही ऑक्सिजन कमी पडतो. शिवाय या यंत्राला दाब दाखवणारा काटा नसतो, ते भरलेले आहे की रिकामे हे वजन करूनच कळते.

काही पदार्थांपुढे यातले एकही यंत्र चालत नाही. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन किमान आठ कामगारांचा मृत्यू झाला. तोफगोळ्यांना ढकलणाऱ्या प्रणोदकांच्या रेणूंतच ऑक्सिजन असतो. त्यांना जळायला बाहेरची हवा लागत नाही, त्यामुळे हवा अडवणारा वायू किंवा फेस निरुपयोगी ठरतो. अशा ठिकाणी सुरक्षेचा भर आग लागूच नये यावर आणि इमारतींमधल्या अंतरावर असतो.

जिल्हा रुग्णालयातला प्रश्न मात्र इतका अवघड नव्हता. तिथल्या सात बाळांचा जीव धुराने घेतला. धुराची खबर देणारी यंत्रणा त्या कक्षात नव्हती. अग्निसुरक्षेसाठीचा सुमारे दीड कोटी रुपयांचा प्रस्ताव घटनेच्या काही महिने आधीपासून मंजुरीविना पडून होता, हेही नंतर बातम्यांतून समोर आले. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही डॉक्टर आणि परिचारिकांवर निलंबन, बदली आणि सेवासमाप्तीची कारवाई झाली. हाताने चालवायचे कोणतेही यंत्र, १८६६ चे असो वा आजचे, आग कोणाच्या तरी वेळेत लक्षात आली तरच उपयोगी पडते. त्यातला साठाही मिनिटभराच्या आत संपतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. आपल्या सोसायटीचे, मुलांच्या शाळेचे किंवा गावातल्या दवाखान्याचे ते शेवटचे कधी झाले, हे तिथल्या व्यवस्थापनाला विचारता येते.