इटलीहून लोट्याला आलेली यंत्रे आणि मागे राहिलेला इतिहास

१/ इटलीतील त्रिस्सिनो या गावचा एक रासायनिक कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत निघाला. पुढच्या वर्षी लिलावात त्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि कालांतराने ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. त्या यंत्रांमागे अर्धशतकाचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी रसायन समजून घेऊ. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट यांना वायूच्या नळकांड्यात पांढरी, गुळगुळीत भुकटी आढळली. तेच पुढचे टेफ्लॉन. कार्बन-फ्लोरिन बंध अत्यंत बळकट असतो. त्यामुळे या कुळातील अनेक रसायनांवर पाणी आणि तेल टिकत नाही. आणि त्याच बळकटीमुळे ती निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. या कुळाचे नाव पीफास.

३/ मराठवाड्यातील वाचकांसाठी एक खुलासा. आपल्या बोअरच्या पाण्यात ज्या फ्लोराइडची चर्चा होते, ते बहुतांशी खडकातून पाण्यात उतरते. पीफास पूर्णतः मानवनिर्मित आहे. फ्लोराइडच्या नेहमीच्या चाचणीत ते दिसत नाही आणि पाणी उकळल्याने जात नाही.

४/ आता त्रिस्सिनो. १९६० च्या दशकात मार्झोत्तो या वस्त्रोद्योगातील घराण्याने तेथे ‘रिमार’ ही संशोधनसंस्था काढली. पाणी न शोषणारे कापड तयार करता यावे, हा तिच्या फ्लोरिन-संशोधनाचा एक हेतू होता. १९८८ मध्ये मालकी बदलून ती ‘मितेनी’ झाली. कारखान्याखालून वाहणारे भूजल मात्र व्हेनेतो प्रांतातील गावोगावच्या नळांना पुरवले जात होते.

५/ हे प्रदूषण सार्वजनिकरीत्या उघड झाले २०१३ साली, इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून. व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादोव्हा या जिल्ह्यांतील सुमारे साडेतीन लाख लोकांचा प्रदेश त्यात सापडला. जे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड, त्यानेच घात केला होता.

६/ पुढे प्रशासनाने रक्ततपासणी सुरू केली. आपल्या किशोरवयीन मुलांचे अहवाल हाती आल्यावर २०१७ मध्ये तेथील आया एकत्र आल्या. त्यांच्या संघटनेचे नाव ‘मामे नो पीफास’. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. शिक्षांची एकूण बेरीज १४१ वर्षे.

७/ अमेरिकेतही असेच घडले. वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग येथे १९५१ पासून टेफ्लॉननिर्मितीत पीएफओए वापरले जाई. गुरे दगावलेल्या एका शेतकऱ्याच्या दाव्यातून कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. नंतर सुमारे ६९,००० लोकांची तपासणी झाली आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा विकारांशी त्याचा संभाव्य संबंध नोंदवला.

८/ दोन्हीकडे निकाल फिरला तो नोंदींमुळे. पाण्याचे नमुने, रक्ताचे अहवाल, कार्यालयीन पत्रव्यवहार. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे, तर हे दफ्तरच होते. फरक इतकाच की ते उघडायला पन्नास वर्षे लागली.

९/ आता लोटे. मितेनीची मालमत्ता घेणारी कंपनी म्हणजे लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज, आपल्या उपकंपनीमार्फत. खरेदी कायदेशीर होती. लोट्याचे पाणी या यंत्रांमुळे दूषित झाले, असा दावा मी येथे करत नाही. परंतु खेड तालुक्यातील या वसाहतीच्या सांडपाण्याची आणि दाभोळच्या खाडीतील घटत्या मासळीची तक्रार जुनी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोट्याची स्वतंत्र दखल घेतली होती.

१०/ कायदा कुठे आहे? अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. आपल्या पेयजलाच्या २०१२ च्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफाससाठी रकानाच नाही. ज्याला रकाना नाही, त्याची नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते घडलेच नाही असे पुढे म्हणता येते.

११/ धाराशिवकरांनी हे का वाचावे? आपल्या कौडगाव औद्योगिक क्षेत्रात तांत्रिक वस्त्रोद्योगाचे संकुल उभारण्याची चर्चा काही वर्षे सुरू आहे. रोजगार हवाच, स्थलांतर करणाऱ्या जिल्ह्याला तो नको कसा असेल? असे सर्वच कापड पीफास वापरून होत नाही, पर्यायही आहेत. मात्र रिमारची सुरुवातही कापडापासूनच झाली होती. कोणते रसायन वापरणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे पहिली वीट रचण्यापूर्वी विचारता येते.

१२/ आणि त्याच वेळी परिसरातील विहिरी-बोअरच्या पाण्याची तपासणी करून तारखेसह तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवता येते. उद्या काही बिघडले, तर ‘पूर्वी पाणी कसे होते’ याचा पुरावा तोच. यंत्रे जहाजाने येतात. त्यांचा इतिहास आपल्याला मागून घ्यावा लागतो.