पाल नव्हे, हार्ड डिस्क



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून "प्रकृती बरी आहे ना?" असं विचारलं. माझी बरी आहे. बिघडली होती ती लॅपटॉपची, आणि त्याच्या पोटात असलेल्या आक्काच्या ओव्यांची. ती सगळी कहाणी आज सांगतो. मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे मध्ये थोडा इतिहासही येईल, तेवढा सोसून घ्या.

श्रावणातली गोष्ट. रात्री जेवणं आटोपून लॅपटॉप उघडला. बाहेर पाऊस कोसळत होता, समुद्राचा आवाज त्यात मिसळलेला. तेवढ्यात टिक्... टिक्... टिक्... सौ. म्हणाली, "पाल चुकचुकत्येय कुठेतरी." मी छताकडे पाहिलं, फोटोंच्या मागे पाहिलं. पाल कुठेच नाही. आवाज लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यातून येत होता. मग मात्र माझ्या मनात खरोखरच पाल चुकचुकली.

आठवड्याभरापासून यंत्र सुरू व्हायला चहा करून पिऊन होईल इतका वेळ घेत होतं. त्याचंही वय झालं, आपलंही झालं, म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या रात्री आक्काच्या जात्यावरच्या ओव्यांची एक ध्वनिफीत लावली, ती मधेच अडकली. पुन्हा लावली, पुन्हा त्याच जागी अडकली. आणि नेमक्या त्याच वेळी टिक् टिक्.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नातलगांना सांगायला नको. २०१६ च्या मे महिन्यात ती बुरोंडीला महिनाभर राहायला आली होती, तेव्हा मागल्या पडवीत बसवून तिच्याकडून आईच्या ओव्या म्हणवून घेतल्या. चौदा फिती झाल्या. २०१९ मध्ये आक्का गेली. चौदाही फिती याच एका लॅपटॉपात होत्या, दुसरीकडे कुठेही नाहीत. हे वाचून कपाळाला हात लावणारे बरेच असतील. मीही लावला.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतं ना? श्रीवर्धनच्या बाजूला ते किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडची झाडं आडवी करून गेलं. आमच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. त्या दिवशी सकाळीच मी लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर गोधडी घालून लोखंडी ट्रंकेत ठेवला होता. कौलं उडाली, पण लॅपटॉपला थेंब लागला नाही. म्हणजे धोका बाहेरून येतो, अशीच माझी समजूत. हा आतला टिक् टिक् धोका माझ्या हिशेबातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन तालुक्याला गेलो. दुकानातल्या मुलाने पाच मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाला, "काका, व्हायरस आहे. सगळं पुसून नवीन विंडोज टाकतो, संध्याकाळी या." ते 'पुसून' ऐकलं आणि मी लॅपटॉप काखेत मारून सरळ एस. टी. स्टँड गाठला. भाचीचा मुलगा पुण्यात याच क्षेत्रात आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, आधी ते बंद करा. आता परत सुरूही करायचं नाही, 'एकदा बघतो' असंही नाही. मी गणपतीला येतोच आहे." तेव्हा गणपतीपर्यंत वाट पाहणं आलं.

रिकाम्या वेळात मी या हार्ड डिस्कचं कूळ शोधत बसलो. (भ्रमणध्वनीवर, चष्मा कपाळावर चढवून.) आणि काय सांगू मंडळी, हिच्या मुळाशी चक्क एक शाळामास्तर निघाला!

रेनॉल्ड जॉन्सन त्याचं नाव. अमेरिकेत मिशिगन राज्यात तो शाळेत विज्ञान शिकवायचा. पेपर तपासून कंटाळलेला. (कोण नसतं?) लहानपणी याने एक खोडी केलेली होती. बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढायच्या, म्हणजे मोटार सुरूच होत नसे. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, म्हणून. पुढे मास्तर झाल्यावर त्याला सुचलं की पेन्सिलीने केलेली खूण विजेने ओळखता आली, तर उत्तरपत्रिका यंत्रच तपासेल! तसं यंत्र त्याने बनवलं, आयबीएम कंपनीने ते घेतलं आणि १९३४ मध्ये मास्तरांनाही नोकरीला घेतलं. १९५२ मध्ये कंपनीने त्याला कॅलिफोर्नियात सॅन होजेला नवी प्रयोगशाळा काढायला पाठवलं. तिथे १९५६ मध्ये तयार झाली जगातली पहिली हार्ड डिस्क, रॅमॅक.

दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या घरात. तबकड्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग चढवायचा. तो म्हणे बायकांच्या नायलॉनच्या पायमोज्यातून गाळून, कागदी पेल्याने फिरत्या तबकडीवर ओतायचे. थेट आपल्याकडची वस्त्रगाळ! एवढ्या खटाटोपात मावत काय होतं, तर पन्नास लाख अक्षरं. आक्काची एक फीत साठवायची तर अशी दहा धुडं लागली असती, म्हणजे आमचं घर आणि शेजारच्यांचंही.

१९७३ मध्ये आयबीएमनेच 'विंचेस्टर' नावाची डिस्क काढली. तिच्यात तबकड्या आणि वाचणारं डोकं दोन्ही एकाच बंद डबीत आले. पुढच्या सगळ्या डिस्क तिच्याच वंशातल्या. मग त्या आकसत आकसत लॅपटॉपात मावू लागल्या. त्या डोक्याची गंमत अशी की ते तबकडीला टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर जी हवा ओढली जाते, तिच्यावर ते तरंगतं. आजच्या डिस्कमध्ये हे अंतर किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोनचार. मधे धुळीचा कण आला तरी तो डोंगर. म्हणूनच लॅपटॉपातल्या डिस्कच्या डबीला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, त्याला आतून गाळणी असते आणि 'हे झाकू नका' असं लिहिलेलं असतं. आमच्या किनाऱ्यावरची दमट हवाही ती बिचारी तिथूनच घेत असणार.

आणि ती टिकटिक? तबकडीवर जागोजाग आधीपासून आखलेल्या खुणा असतात. डोकं त्या वाचून आपण कुठे आहोत हे ठरवतं. खूण सापडली नाही की ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे. अंधारात किल्लीचं भोक न सापडणाऱ्या माणसासारखं. तोच आवाज सौ.ला पालीसारखा वाटला.

गणपतीला भाचीचा मुलगा आला, सोबत एक पेन ड्राइव्ह आणि नवी कोरी बाहेरची डिस्क. आरती झाली, मोदक झाले, मग पडवीत बैठक मारली. विंडोज सुरूच न करता त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि 'स्मार्टमॉनटूल्स' नावाच्या साधनाने डिस्कला तिची खुशाली विचारली.

या साधनाचीही एक गोष्ट आहे. ते २००२ मध्ये सुरू केलं ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने. हा गुरुत्वीय लहरी शोधणारा माणूस. त्यासाठी स्वस्तातले शेकडो संगणक एकत्र जोडून आकडेमोड चालायची, आणि इतक्या डिस्क असल्या की रोज कुणीतरी आजारी. त्याच लहरी टिपणारी प्रयोगशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकू पाहणाऱ्याचं साधन बुरोंडीच्या पडवीत आक्काच्या ओव्यांसाठी चालत होतं, याची मला मोठी मौज वाटली.

तर डिस्कने उत्तर काय दिलं? पहिल्याच ओळीत 'उत्तीर्ण'! मी खूश. मुलगा म्हणाला, "आजोबा, खाली वाचा." खाली लिहिलेलं: बदललेले सेक्टर ८, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले २६.

हा प्रकार मला समजला तो असा. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथे लिहिणं बंद करते आणि राखीव जागांतली एक तिच्या नावावर लावते. आपल्याला पत्ताच नाही. गैरहजर मुलाच्या जागी दुसरा बसवून पट पूर्ण दाखवण्यासारखंच हे. 'प्रतीक्षेत' म्हणजे जी जागा वाचता येत नाही, पण अजून बदललेलीही नाही, ती. आणि नापास कधी म्हणायचं याची रेघ कुणी आखायची? डिस्क बनवणाऱ्या कंपनीने! १९९२ मध्ये आयबीएमने आणि १९९५ मध्ये कॉम्पॅकने आणलेल्या पद्धतींतून ही 'स्मार्ट' तपासणी निघाली, तेव्हापासून हे असंच आहे. आमच्या शाळांतल्या अंतर्गत गुणांसारखं म्हणा. ज्याने शिकवलं त्यानेच द्यायचे, मग नापास कोण होणार? वायरीच्या दोषाचा आकडा मात्र शून्य होता, तेव्हा वायर निर्दोष आणि आजार डिस्कचाच, हे ठरलं.

२००७ मध्ये गूगलच्या तिघा जणांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष दिसल्यावर साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता एकोणचाळीस पट होते. हे एकवेळ ठीक. पण मेलेल्यांपैकी छप्पन टक्क्यांहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं! हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. राजवाडे गावोगाव दप्तरं हुडकत हिंडले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा वाळवी लागलेल्या रुमालाखालचा भुसा तरी डोळ्यांना दिसत होता. कागद पिवळा पडतो, कडा झडतात, वास येतो. इथे निम्म्याहून जास्त वेळा पालही चुकचुकत नाही. माझी चुकचुकली, हे माझं नशीब.

मी म्हटलं, "मग ती मोठी तपासणी करून टाक, दोन तासांची, म्हणजे खात्री होईल." तो म्हणाला, "खात्री करताना जीव जायचा तिचा. आधी नक्कल, मग निदान." त्याने 'डीडीरेस्क्यू' चालू केलं. हे साधन परीक्षेतल्या हुशार मुलासारखं वागतं. सोपे प्रश्न आधी सोडवून घेतं, अडलं की पुढे जातं, आणि शेवटी उरलेल्या वेळात अवघड जागांशी झटतं. कुठवर आलो याची टिपणवहीही ठेवतं. ती वही फार कामी आली, कारण पहाटे वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गतप्राण, सगळं काळं. वीज आली तेव्हा थांबलं होतं तिथूनच पुढे. दोन रात्री हा कारभार पडवीत चालला. मी दर तासाला उठून बघत होतो आणि गौरीच्या गडबडीतली सौ. मला "त्यालाच दाखवा नैवेद्य" म्हणत होती.

तिसऱ्या सकाळी मोजदाद केली. फोटो आले, माझे लेख आले, गावच्या जुन्या शब्दांची यादी आली. चौदापैकी तेरा फिती अखंड. नववी फीत सुरुवातीला चांगली आहे, मग एका ओवीच्या मध्यात अकरा सेकंद नुसती खरखर, आणि पुढे आक्का पुन्हा म्हणू लागते. जुन्या डिस्कला त्यानंतर एकदा वीज दिली, ती उठलीच नाही. नुसती टिकटिक.

आता सगळ्याच्या दोन प्रती आहेत. एक इथे, एक पुण्यात. पण माझं खरं काम नातलगांपाशी आहे. आक्काच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे २०२० च्या सुरुवातीला, मी तिच्या काही फिती मोबाइलवरून कुणाकुणाला पाठवल्या होत्या. कोणत्या आणि कुणाला, ते आता आठवत नाही. ज्याच्या जुन्या मोबाइलमध्ये ती नववी फीत असेल, त्याने कृपा करून कळवावं. ओळखायची खूण सांगतो: सुरुवातीलाच जात्याची घरघर आहे, मागे कोंबडा आरवतो, आणि आक्का हसून म्हणते, "थांब रे, खुंटा नीट बसू दे."