हार्मोनियमचा वाद आणि डिस्कोचा ठेका : चरणजित सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेचा विचार

हिंदी चित्रपटसृष्टीत 1980 च्या ‘कुर्बानी’पासून डिस्को संगीताची लाट आली. 1981 मध्ये नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ हा बिद्दू यांनी घडवलेला संग्रह, तर 1982 च्या अखेरीस बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला ‘डिस्को डान्सर’ प्रसिद्ध झाला. याच काळात मुंबईत तयार झालेली एक ध्वनिमुद्रिका मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे वाजविणारे चरणजित सिंग (1940-2015) यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती ध्वनिमुद्रिका. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती 1982-83 च्या सुमारास काढली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत.

या मुद्रिकेसाठी रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रे वापरली गेली : ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे खर्जाचे यंत्र. यांपैकी शेवटचे यंत्र मुळात एकट्याने गिटार वाजविणाऱ्यास साथ मिळावी म्हणून बनविले गेले होते. ते अपयशी ठरले आणि 1984 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ रचले आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीतप्रकारास आकार आला. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा पाश्चात्त्य समीक्षकांना तीत अ‍ॅसिड हाऊसचे पाच वर्षे आधीचे रूप ऐकू आले. सिंग यांना उतारवयात युरोपात कार्यक्रम मिळाले, ही समाधानाची बाब होय. तथापि मुंबईतील एका कृतीचे मोल शिकागोच्या पंचांगावरून ठरविणे ही इतिहासलेखनाची सोयीची, पण अपुरी पद्धत आहे.

या मुद्रिकेचा अधिक जवळचा संदर्भ हार्मोनियमच्या वादात सापडतो. परदेशातून आलेल्या या वाद्याचे स्वर ठरीव असतात, त्यात मींड निघत नाही आणि श्रुतींचा सूक्ष्म भेद लोपतो, हे त्यावरील मुख्य आक्षेप. रवींद्रनाथ ठाकूरही या वाद्याच्या विरोधात होते. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 मध्ये काही अटींसह शिथिल झाली. महाराष्ट्रात मात्र संगीत नाटकाने आणि गोविंदराव टेंबे (1881-1955) यांच्यासारख्या वादकांनी या वाद्यास मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली होती. विद्वानांनी दोष मोजावेत आणि मैफलीने वाद्य स्वीकारावे, असा हा दुहेरी व्यवहार होता.

सिंथेसायझर हेही बारा ठरीव स्वरांच्या पट्ट्यांचेच वाद्य. परंतु ज्युपिटर-8 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि टीबी-303 मध्येही निवडक स्वरांपुरती तशी योजना आहे. हार्मोनियमला जे जमत नव्हते त्यातील निदान एक भाग येथे साध्य झाला. भूपाळी आणि मालकंस हे औडव राग या यंत्रांना सहज मानवतात. तोडीची गोष्ट निराळी. तिच्या अतिकोमल गंधाराला पट्टीवर जागाच नाही. घसरत जाताना तो क्षणभर स्पर्शून जातो, त्यावर ठेहराव करता येत नाही. खर्जाची आवर्तने तंबोऱ्याप्रमाणे षड्जाचे भान कायम ठेवतात. लयीचे मात्र तसे नाही. विलंबितास येथे वाव नाही, कारण तालयंत्राचा ठेका वादकासाठी थांबत नाही. रागाची बढत सुमारे पाच मिनिटांत आटोपावी लागते. अर्थात, तीन-चार मिनिटांच्या तबकडीत राग बसविण्याची कला ग्रामोफोनच्या आरंभकाळातील गायकांनीही आत्मसात केली होतीच.

शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गीतांत वाजविणाऱ्या वादकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत. या मुद्रिकेवर मात्र चरणजित सिंग हे नाव मुख्य कलावंत म्हणून छापलेले आहे.